बाटलीतलं तळं

सगळ्यांचे ट्रे सरळ पुढे येत होते, आईचा तेवढा मधूनच वळला. रबरी पडद्यातून बाहेर आला, जरासा थांबला, आणि कुणीतरी बखोटीला धरून बाजूला घ्यावं तसा पलीकडच्या पट्ट्यावर गेला. त्यात आईची जांभळी पिशवी होती. माझी पर्स आली, दोघींचे मोबाइल आले, आईची काठी आली, आणि मी काठी हातात धरून तिथेच खिळले. मागची माणसं ढकलायला लागली. त्या पिशवीत काय काय आहे ते मला तोंडपाठ होतं, मीच भरली होती ती. स्वेटर, गोळ्या, चष्मा, पंचा, फडक्यात बांधलेल्या चार भाकऱ्या आणि सुकी चटणी. अडवण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. पण पिशवीची मालकीण जानकीबाई होती, आणि जानकीबाई माझी आई असल्यामुळे मला एवढंही ठाऊक होतं की मी भरलेली पिशवी आणि तिने उचललेली पिशवी या दोन वेगळ्या पिशव्या असू शकतात. मी तिच्याकडे पाहिलं. ती तपासणीच्या चौकटीतून बाहेर येऊन पदर सारखा करत उभी होती, एस.टी. स्टँडवर पोलादपूरची गाडी लागायची वाट बघत असावी तशी. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.

ट्रे भरायच्या जागी एक मुलगा प्रत्येकाला विचारत होता, पानी है, लिक्विड है, लायटर है. माझ्या पुढच्या माणसाने अर्धी बाटली पाणी घटाघटा पिऊन टाकलं. आईला विचारलं तेव्हा ती ठामपणे म्हणाली, ‘‘पाणी नाय.’’ मला बरं वाटलं होतं. म्हटलं, वा, शिकली. आठवडाभर मी घोकून घेतलं होतं ना तिच्याकडून! कात्री नाय, तेल नाय, लोणचं नाय, पाणी नाय. बुद्धरत्न, माझा धाकटा भाऊ, लंडनजवळच्या ज्या गावात नोकरी करतो त्याचं नाव रेडिंग. आई म्हणायची, मीटरचं रेडिंग घ्यायला माणूस येतो तसलं कसलं गो गाव! त्याला तिथे मुलगी झाली, सात महिन्यांची झाली, आणि आता तिला बघायला आम्ही दोघी चाललो होतो. आई पहिल्यांदा विमानात बसणार, मीही पहिल्यांदाच, फक्त मी तसं दाखवत नव्हते.

सामान भरणं हा प्रकार आईने असा काही केला की मी माझ्या जन्मात विसरणार नाही. मी आपली मोबाइलवर बॅगा भरायचे व्हिडिओ बघत होते आणि ती जमिनीवर मांडी घालून सुकट निवडत होती. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी. तिचा वास विमानात सुटला तर पायलटसुद्धा उतरून जाईल, असं मी म्हटलं. ‘‘तू बघच,’’ एवढंच बोलली. सुकट तव्यावर कोरडी भाजली, निववली, स्टीलच्या डब्यात दाबून भरली, झाकणाच्या कडेने भिजवलेल्या कणकेची वळी फिरवली आणि डबा दिवसभर उन्हात ठेवला. कणीक वाळून दगड झाली. मग वर फडकं, त्यावर प्लास्टिक, त्यावर परत फडकं. आणि मग तिने तो डबा ओटीवर ठेवून शेजारच्या रंगूबाईची मांजर बोलावली. मांजर आली, डब्याभोवती फिरली, नाक लावलं आणि कंटाळून निघून गेली. ‘‘झाली पास,’’ आई म्हणाली. मी पोट धरून हसले. पण हसता हसता तिच्या हातांकडे बघत राहिले. ते हात रिकामी जागा शिल्लकच ठेवत नव्हते. नातीसाठी शिवलेल्या गोधडीच्या घडीत तांदळाच्या पिठाची पिशवी, पिठाच्या दोन पिशव्यांमधल्या फटीत आमसुलं, माझ्या बुटात वाल. हो, बुटात! नवीन होते म्हणून मी गप्प बसले. कडवे वाल ती उमरठजवळच्या माहेरच्या वाडीतून भावाकडून मागवते, बाजारचे वाल तिला वाल वाटतच नाहीत. मी म्हटलं, एवढं पांढरं पीठ बघून पोलिसांनी काही भलतंच समजलं तर? ‘‘मंग काय, परात मागीन आनि भाकरी थापून दाखवीन सायबाला,’’ म्हणाली. आणि खरंच दाखवली असती. मला या बाईचा कधी कधी हेवा वाटतो. भीती नावाची वस्तू तिच्या सामानात कधी नव्हतीच, आणि माझ्या सामानात मात्र ती सगळ्यात वर असते.

भांडण झालंच नाही असं नाही. झालं, आणि तेही एका चिंधीवरून. तिने दह्यात बुडवून सावलीत वाळवलेला सुती कापडाचा तुकडा पिशवीत ठेवला होता. तिकडे कोमट दुधात टाकला की दही लागतं म्हणे. बुद्धरत्नने फोनवर बजावलं होतं, दूध, दही, तूप, मटण, काही आणू नका, इथे चालत नाही. मी चिंधी काढून ठेवली. आई फुगली. तिकडे दुकानात दही मिळतं गं, मी म्हटलं. ‘‘दही मिळतं. विरजन घरचं लागतं,’’ ती म्हणाली, ‘‘आनि केवढं लागतं गो ते? बोटाला लागलेलं पुरतं.’’ मग दिवसभर माझ्याशी नाही बोलली. आमच्या घरातलं विरजण तिच्या सासूच्या हातचं, असं ती सांगते. पातेलं कधी पूर्ण रिकामं होऊ द्यायचं नाही, घासण्याआधी चमचाभर बाजूला काढायचंच. इतक्या वर्षांत किती म्हशी बदलल्या, किती डेअऱ्या आल्या नि बुडाल्या, पण दही तेच आहे यावर तिचा ठाम विश्वास. मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई, मला ते शास्त्रानेही बरोबरच वाटतं, पण नियम म्हणजे नियम. चिंधी फडताळात राहिली.

आणि मग तळं. आता हे सांगायला हवं, कारण आमच्या घरात त्या बाटलीला कुणी पाणी म्हणतच नाही. चवदार तळ्याचं पाणी, पण म्हणायचं फक्त तळं. ‘‘तळं भरून आन,’’ ‘‘तळं वर ठेव, पोरं सांडतील.’’ शाळेत थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आली तेव्हा मला वाटलं, ती आमच्या बाटलीवरच केलेली आहे. माझे आजोबा, रामा, सत्याग्रहाच्या वेळी शाळकरी वयाचे होते, म्हणजे शाळेत जाण्याच्या वयाचे, शाळा कुठली! पोलादपूरकडच्या वस्तीतल्या बाप्यांबरोबर महाडला चालत आले. बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं तळ्यावर गेली, त्यात हेही एक पोरगं. पायरी उतरून ओंजळ भरली आणि प्यायले. परत जाताना गावात मारामारी उसळली, तेव्हा त्यांच्या उजव्या कोपरावर काठी बसली. हात जन्माचा वाकडा राहिला. मला आठवतं ते म्हाताऱ्या आजोबांचं पाणी पिणं. त्यांची ओंजळ नीट जुळायची नाही, पाणी मधूनच गळून जायचं, म्हणून आई, म्हणजे त्यांची सून, त्यांच्या हातांखाली आपले दोन हात धरायची. ओंजळीखाली ओंजळ. गळलेलं तिच्या हातात पडायचं आणि ते ती स्वतः पिऊन टाकायची. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ही बाई, पण तेवढं करताना तिला कसलाच संकोच नव्हता. लहानपणी मला ते किळसवाणं वाटायचं. आता मी त्याच्याइतकं सुंदर काही पाहिलंय का, असं आठवायला बसले तर पटकन सापडत नाही.

आजोबांनी एक रीत पाडली. घरात मूल आलं की पुढे-मागे त्याच्या ओठांना तळं लावायचं. पाजायचं नाही, बोट बुडवून नुसतं ओठाला. मला लावलं, बुद्धरत्नला लावलं, माझ्या मुलाला आईने लावलं. ही रेडिंगची पहिलीच पोर, जिच्या ओठाला सात महिने झाले तरी तळं लागलेलं नाही. आईला रात्रंदिवस तेच. व्हिडिओ कॉलवर नात हसली की ही इकडे डोळे पुसायची, म्हणायची, ‘‘कोरडीच हाय गो अजून.’’ तिचं वय झालंय, गुडघे गेलेत, पुन्हा एवढा प्रवास तिच्याच्याने होणार नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. रीत मोडली तर आपल्या हातून मोडली, हे तिला मरेपर्यंत सलत राहिलं असतं. मी मात्र एमआयडीसीतल्या एका कंपनीत दिवसभर पाणीच तपासते. मी म्हटलं, ओठाला लावायचं तरी कच्चं पाणी लहान बाळाला नको, उकळून घे. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकले. ‘‘बाबासायबांनी उकळून प्यालेलं काय गो?’’ दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी उठून बघते तर शेगडीवर नवंकोरं पातेलं आणि त्यात तळं रटरटतंय. ‘‘हक्क आपल्या जागी, पोट आपल्या जागी,’’ माझ्याकडे न बघता म्हणाली. गाळलं, निववलं, काचेची नको म्हणून अर्ध्या लिटरच्या स्टीलच्या बाटलीत भरलं आणि झाकण घट्ट पिळून बाटली माझ्या हातात दिली. मी ती मोठ्या बॅगेत, गोधडीच्या मधोमध, माझ्या हाताने ठेवली होती. माझ्या हाताने! विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत पाणी चालतं, वर नेता येत नाही, हे तिला मी दहादा सांगितलं होतं. महाडच्या महापुराच्या वर्षी आमच्या आळीत छातीएवढं पाणी शिरलं तेव्हाही या बाईने टीव्ही सोडला, कपडे सोडले आणि बाटली घेऊन पोटमाळ्यावर चढली होती. वरून खालच्या गढूळ पाण्याकडे बघत मला म्हणाली होती, ‘‘आज बघ शर्मे, तळं सोताच सगल्यांच्या घरी गेलंय. कोन काय म्हनतंय का बघू.’’ माणसं जिवाच्या भीतीने आक्रोश करत होती आणि ही हसत होती. मग तीच हसता हसता रडायला लागली, आणि शेजारची पोरं वर ओढून घेऊ लागली.

‘‘ये बैग किसका है?’’ खाकी वर्दीतल्या मुलीने विचारलं. वय असेल पंचविशीचं, केस घट्ट बांधलेले, डोळे थकलेले. आई माझ्या हातातली काठी घेऊन पुढे झाली. मुलीने पिशवीत हात घातला आणि स्वेटरच्या बाहीत शिरवलेली, पंच्यात गुंडाळलेली, वर दोरीने बांधलेली स्टीलची बाटली बाहेर काढली. मी डोळे मिटले. हिने ती कधी काढली मोठ्या बॅगेतून? घरून निघताना, मी रिक्षावाल्याशी वाद घालत होते तेव्हा? मी दातओठ खात कुजबुजले, ‘‘आई, मी खाली ठेवली होती ना?’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘ज्याच्यासाठी म्हाताऱ्यानं हात मोडून घेतला, त्याला मी सामानात टाकू?’’ मुलीने बाटली हलवली. आतून डुबूक आवाज आला. ‘‘माताजी, आपने बोला पानी नहीं है.’’ ‘‘पाणी नायच हाय,’’ आई म्हणाली. ‘‘तो ये क्या है?’’ आणि माझ्या आईने, जिने आयुष्यात कुणाला खोटं सांगितलेलं मी ऐकलं नाही, तिने त्या मुलीच्या डोळ्यांत बघून खरं खरं सांगितलं, ‘‘तळं हाय.’’

मला हसू यावं की रडू, कळेना. मी मोडक्यातोडक्या हिंदीत समजवायला लागले, घर में छोटा बच्चा है, उसके लिए है. मुलीने विचारलं, बच्चा साथ में है? बाळ बरोबर असतं तर बाळाचं पाणी नेता येतं म्हणाली. ‘‘बच्चा तिकडे हाय,’’ आईने हात लांब करून विमानं उभी होती तिकडे दाखवलं. मुलगी वाईट नव्हती. तिने मागच्या मोठ्या साहेबांकडे पाहिलं, त्यांनी नुसती मान हलवली, तशी ती आमच्याकडे वळून म्हणाली, ‘‘माताजी, नियम है. या तो यहीं पी लो, या उधर डाल दो.’’ उधर म्हणजे कोपऱ्यातला निळा डबा. तो बाटल्यांनी भरून वाहत होता. अर्धी प्यालेली थंड पेयं, शांपू, अत्तरं, कुणाचं तरी लोणचं. आई त्या डब्याकडे बघत राहिली. मी तिचा दंड धरला. तो थरथरत होता, आणि मला एकदम भीती वाटली की इथे, या चकचकीत फरशीवर, ही आता खाली बसेल. माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. परत फिरावं का, मोठी बॅग परत मागता येईल का, कुणाच्या हातापाया पडावं? ज्या तळ्यासाठी एवढं झालं ते कचऱ्यात ओतायला सांगतायत आणि मी घड्याळात विमानाची वेळ बघतेय! मला स्वतःची चीड आली.

पण आई डब्याकडे बघत नव्हतीच आता. तिने मान वळवली आणि त्या मुलीला विचारलं, अगदी हळू, शाळेतल्या पोरीने बाईंना विचारावं तसं, ‘‘पियूँ? इधर?’’

‘‘हाँ, पी लो.’’

‘‘सबके सामने?’’

‘‘हाँ माताजी.’’

‘‘कोई कुछ बोलेगा नाय?’’

मुलगी हसली. दिवसभरात पहिल्यांदा हसली असावी. ‘‘पी लो ना. कौन रोकेगा?’’

आईचा दंड थरथरायचा थांबला. तिने काठी बाजूच्या टेबलाला टेकवली, पदर खोचला, आणि दोन्ही हात जोडून ओंजळ केली. ‘‘वत,’’ मला म्हणाली, ‘‘तोंड नको लावायला, उष्टं व्हईल.’’ मी बाटली घेऊन झाकण काढलं. मी ओतलं, ती वाकली आणि प्यायली. घाई नाही, गडबड नाही. पुन्हा ओंजळ पुढे केली, पुन्हा प्यायली. पाणी तिच्या मनगटावरून बांगड्यांत गेलं, कोपरावरून खाली ठिबकलं, आणि कसं कोण जाणे, मी माझा रिकामा हात तिच्या ओंजळीखाली धरला. तिने पाहिलं. एक ओंजळ संपवून बाटली माझ्याकडून घेतली आणि म्हणाली, ‘‘आता तू.’’ एवढ्या माणसांत? सुटाबुटातली माणसं पट्टे चढवत होती, एक बाई पोराला बूट घालत होती, सगळे बघत होते किंवा कुणीच बघत नव्हतं. मी ओंजळ केली. कोमट होतं, स्टीलचा थोडा वास होता. मी रोज ज्या पाण्याचे आकडे काढते त्यातलं काहीही मला त्या वेळी आठवलं नाही. मी रडत रडत प्यायले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

‘‘खाली बोतल ले जा सकते हो, अंदर नल है, भर लेना,’’ मुलगी म्हणाली आणि पुढच्या ट्रेकडे वळली. आईने बाटली डोळ्यांजवळ नेऊन आत पाहिलं, मग झाकण लावलं, इतकं घट्ट की बोटं पांढरी झाली. पिशवी भरायला मी हात पुढे केला तर बाटली दिलीच नाही. आत गेल्यावर दुकानांच्या झगमगाटात ती कुठे थांबली नाही. अत्तरं नाहीत, चॉकलेटं नाहीत, काठी टेकत टेकत सरळ नळ शोधत निघाली. मला वाटत होतं, आता बसेल कुठेतरी, आता तिला उमगेल की संपलं सगळं, नात कोरडीच राहिली. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. पुढच्या वर्षी मी आणीन, नीट खाली ठेवून आणीन, असं काहीतरी. खोटंच, पण बोलणार होते. भिंतीला लागून पिण्याच्या पाण्याचा नळ होता. एक गोरा माणूस बाटली भरत होता. तो झाल्यावर तिने झाकण उघडलं आणि बाटली माझ्यासमोर तिरकी धरली.

‘‘दिसतंय?’’

आत बुडाशी, कडेला, चमचाभर पाणी गोळा होऊन हललं.

‘‘काय?’’ मी विचारलं.

‘‘विरजन,’’ ती म्हणाली.

माझ्यातली प्रयोगशाळा काहीतरी पुटपुटली, चमचाभरात अर्धा लिटर मिसळलं तर प्रमाण काय पडतं वगैरे. मी त्या प्रयोगशाळेला गप्प बसवलं. तळं तरी काय, दर पावसाळ्यात नवं पाणी येतंच की त्यात. आजोबांनी प्यालेला थेंब आता कुठे असणार तिथे? आणि तरी ते तळं तेच. आईने बाटली नळाखाली धरली, कळ दाबली, सावकाश भरू दिली. काठोकाठ नाही, थोडी जागा ठेवून, दुधाच्या पातेल्यात ठेवते तशी. झाकण लावून तिने बाटली एकदा अलगद डाव्या बाजूला कलवली, एकदा उजव्या. मग पुन्हा पंचा, पुन्हा स्वेटरची बाही, पुन्हा दोरी. ते हात बघताना मला परत ती मांजर आठवली आणि ओल्या डोळ्यांनीच मी खुदकन हसले.

‘‘हसतेस काय गो?’’

‘‘काही नाही. तिकडे उतरल्यावर परत कुणी विचारलं तर? तळं हाय म्हणून सांगशील नि मला उभं करशील परत.’’

ती जरा विचारात पडली. खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेतली, वर दोन्ही हात ठेवले. बाहेर आमचं विमान येऊन लागलं होतं.

‘‘नाय,’’ म्हणाली. ‘‘आता पाणी हाय म्हनूनच सांग. आनि तहान लागली आसंल तर पी म्हनावं त्याला.’’